नाव न घेता

आमच्या चौकातल्या फळ्यावर मी नऊ वर्षं लिहिलं आणि त्या नऊ वर्षांत एकाही माणसाचं नाव लिहिलं नाही. याचा मला फार अभिमान होता. वर्तमानपत्रात पुढाऱ्यांच्या सभांच्या बातम्या येतात, अमक्यानं नाव न घेता तमक्याला टोला लगावला म्हणून, त्या वाचून मला हसू यायचं. एवढं स्टेज, एवढा माईक, एवढ्या गाड्या लागतात यांना. मला खडूचा एक तुकडा पुरायचा.

मी शिवणकाम करते. हर्सूलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमची वसाहत आहे. तिच्या चौकाच्या कोपऱ्यावर माझं दुकान. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस, जे येईल ते. दुकानाच्या भिंतीला लागूनच मंडळाचा वार्ताफलक आहे. मंडळातल्या पोरांनी तो हौसेनं बसवला, वर पिवळ्या रंगात मंडळाचं नाव रंगवलं, नारळ फोडला आणि महिन्याभरात वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे त्यांना काही सुचेनासं झालं. पुढं वाढदिवस फ्लेक्सवर गेले आणि फळा कोरा राहिला. दिवसभर मशीनवर बसून समोर कोरा फळा बघत राहणं माझ्या स्वभावात नाही. एका सकाळी मी कातरणातली चिंधी ओली करून तो पुसला आणि लिहिलं: ‘चौकातला दिवा तीन महिने बंद आहे. अमावास्येला आमची हरकत नाही, पण ती महिन्यातून एकदाच असावी.’ पाचव्या दिवशी वायरमन शिडी घेऊन आला.

मग मला चटकच लागली. रोज सकाळी शटर उघडलं की आधी फळा, मग देवाची अगरबत्ती, मग मशीन. खडू जरा भिजवून लिहिला की वाळल्यावर अक्षर ठसठशीत उठतं, हे कळायला दोन दिवस लागले. बाकीचे नियम मी माझे मीच केले. तीन ओळींच्या वर जायचं नाही. कुणी वारलं असेल तर त्या दिवशी फळा कोराच ठेवायचा, आपली अक्कल पाजळायची नाही. आणि कुणाचंही नाव घालायचं नाही. ज्याला लागायचं त्याला लागतंच, असं माझं म्हणणं होतं.

राजकारणाची मला कधी भीती वाटली नाही, कारण ते माझ्या टेबलावर कापड होऊन येतं. निवडणूक जवळ आली की झेंडे आणि उपरणी शिवायला येतात, सगळ्या रंगांची. मी सगळ्यांची शिवते. आमच्या भागातल्या एका इच्छुकाच्या घरून एकाच वर्षात दोन वेगवेगळ्या रंगांची उपरणी शिवून गेली. इच्छुक हा शब्द मला फार आवडतो. लग्नाच्या आणि निवडणुकीच्या बाजारातच तो सापडतो. दुसऱ्या वेळी त्याचा माणूस कापडाचा गठ्ठा घेऊन आला तेव्हा मान खाली घालून उभा होता. मी म्हटलं, लाजताय कशाला, लांबी-रुंदी तीच ठेवते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: ‘उपरण्याचा रंग बदलला आहे. माप तेच आहे. मतदारांनी गोंधळून जाऊ नये.’ इच्छुक मोटारसायकलवरून जाताना थांबला, वाचलं, हसला आणि गेला. नाव नव्हतं, त्यामुळं त्याला चिडताही येईना.

शहराचं नाव बदललं त्या आठवड्यात माझ्या दुकानात कात्रीपेक्षा तोंडं जास्त चालली. एक बाई बोलता बोलता जुनं नाव घ्यायची, दुसरी तिला तिथंच दुरुस्त करायची, आणि फॉल मात्र दोघींना आजच लावून हवा असायचा. मला विचारलं, तुमचं काय मत. मी तोंडात टाचण्या धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की शिवणारीला कुणी बोल म्हणत नाही, ही आमच्या धंद्यातली मोठी सोय आहे. फळ्यावर तेव्हापासून मी ‘आपलं शहर’ असं लिहायला लागले. ते सगळ्यांना चाललं. मला वाटलं, बघा, नाव न घेताही सगळं सांगता येतं.

आरक्षणावरून हवा तापली तेव्हाही तसंच. दोन शेजारणींनी एकमेकींकडचा चहा बंद केला. नवरे तिकडं मोर्च्यांना, आणि इकडं या दोघी एकाच भिंतीला पाठ लावून अबोला धरून बसलेल्या. मी लिहिलं: ‘काल जिथं विरजण मागायला गेलो तिथं आज जात काढू नये. दही लागायचं थांबेल.’ तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकीनं दुसरीकडे विरजणाची वाटी पाठवली. ती माझ्यामुळंच गेली असं मी म्हणत नाही. पण फळ्यामुळं गेली नाही, असंही कुणी मला सांगू नये.

आमचे हे चिकलठाण्याला कंपनीत होते, तपासणीच्या खात्यात. तयार झालेला माल बघायचा, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर बाजूला काढायचा, एवढंच त्यांनी जन्मभर केलं. रिटायर झाल्यापासून ते दुकानातल्या स्टुलावर बसून पेपर वाचतात. मी फळा लिहून आत आले की चष्म्यावरून बघायचे आणि एकच विचारायचे, तपासलं का? मी म्हणायचे, मी काही कारखाना चालवत नाही. ते पेपरात डोकं घालायचे. चाळीस वर्षांच्या संसारात आमचं भांडण याच्या पुढं कधी गेलं नाही.

आणखी एक गोष्ट आताच सांगून टाकते, कारण ती पुढं लागणार आहे. माझ्या दुकानापुढचं पत्र्याचं शेड नालीच्या वर तीन फूट आलेलं होतं. रस्त्यावरच्या अतिक्रमणांबद्दल मी फळ्यावर दोनदा लिहिलं, आणि दोन्ही वेळा त्याच शेडच्या सावलीत उभं राहून लिहिलं.

आता पाण्याचं. जायकवाडीचं धरण भरलं की पेपरात फोटो येतात, लोक गाड्या काढून पैठणला दरवाजे बघायला जातात, आणि आमच्या नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. पाण्याच्या दिवशी आमच्याकडे कुणी दवाखान्याची वेळ घेत नाही, पाहुण्यांना बोलवत नाही. त्या दिवसाचा मालक एकच, चावीवाला. खांद्यावर छातीइतकी लांब लोखंडी चावी, रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण काढायचं, ती आत उतरवायची आणि गोल फिरवायची. आधी खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह, तो बंद झाला की आमच्या वरच्या गल्लीचा. तो दौलताबादच्या पलीकडच्या एका गावचा. घरची मेंढरं होती, ती भावाकडे ठेवून शहरात आला. तेरा वर्षं ठेकेदाराकडे हेच काम करत होता. अबोल माणूस. बाया त्याला पाणी लवकर सोड म्हणून दटावायच्या, तेव्हा नुसती मान हलवायचा.

त्याची बायको आमच्या गल्लीत दोन घरची धुणीभांडी करायची. त्या वर्षी ठेकेदाराकडच्या कामगारांना महापालिकेत कायम करायची यादी निघणार असं चाललं होतं आणि त्यात चावीवाल्याचं नाव होतं. ती माझ्याकडे ब्लाउजपीस घेऊन आली, मोरपंखी, काठाला बारीक जर. म्हणाली, यादी लागली की ही साडी नेसून दोघांनी पैठणला जायचं ठरवलंय. लग्नानंतर दोघं मिळून कुठं गेलेलो नाही. मी तिचं माप घेतलं, मापाच्या वहीत वर तिचं नाव लिहिलं, खाली छाती चौतीस, दंड साडेअकरा, आणि कापड फळीवर ठेवलं. ती म्हणाली, घाई नाही, यादीच्या आत द्या.

त्यानंतरच्या आठवड्यात, पाण्याच्या दिवशीच, खालच्या गल्लीत लग्न होतं. सकाळी नवाला खाली पाणी सुटलं. दहा वाजले, अकरा वाजले, आमच्या नळाला नुसती हवा. भांडी मांडून सगळ्या बाया दारात. बारा वाजून गेल्यावर कसंबसं पाणी आलं आणि पंधरा मिनिटांत गेलं. मी तावातावानं खाली गेले. बघते तर खालच्या गल्लीच्या नालीतून चांगलं पाणी वाहून चाललेलं, मांडवात पंगत बसलेली, आणि पंगतीत चावीवाला. मांडवाच्या खांबाला चावी टेकवलेली. त्याच्या पानात जिलबी. त्याची पँट कमरेपर्यंत ओली होती आणि गुडघ्यांना चिखल होता. माझी नजर माणसाच्या आधी कपड्यावर जाते, ती सवयच आहे. ओली पँट मी पाहिली. ती का ओली आहे हा विचार मात्र मी केला नाही, कारण तोपर्यंत मला ओळ सुचलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं: ‘पाणी उताराकडे जातं असं शाळेत शिकवलं. आमच्या भागात ते पंगतीकडे जातं. चावी ज्याच्या खांद्यावर, जिलबी त्याच्या पानात.’

आत आले तर ह्यांनी विचारलं, तपासलं का? म्हटलं, या वेळी डोळ्यांनी पाहिलंय. काय पाहिलंस? म्हटलं, जिलबी. त्यांनी पेपर उलटला.

अशी दाद मला नऊ वर्षांत मिळाली नव्हती. लोक थांबून वाचत होते, पुन्हा वाचत होते, मोबाईलवर फोटो काढत होते. माझ्याच दुकानात बसून बायांनी तो फोटो माहेरी, सासरी, बचत गटात पाठवला. त्या उपरण्यावाल्या इच्छुकालाही तो मिळाला. त्यानं खाली स्वतःचा हात जोडलेला फोटो लावला आणि पाण्याच्या प्रश्नावर आता गप्प बसणार नाही असं लिहून सगळ्या वॉर्डात फिरवला. मला थोडं विचित्र वाटलं, पण रागावण्याइतकं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. चौथ्या दिवशी कळलं की फोटो ठेकेदारापर्यंत गेला आणि त्यानं चावीवाल्याला घरी बसायला सांगितलं. निवडणुकीच्या तोंडावर बोंबाबोंब नको, एवढंच म्हणाला म्हणे. मी मनात म्हटलं, पंगतीला बसताना कळलं नाही का.

त्याच दुपारी त्याची बायको दुकानात आली. बसली नाही.

“मावशी, कापड द्या माघारी.”

मी म्हटलं, अगं शिवायला घेतेच आहे. ती म्हणाली, नका घेऊ, यादीतून नाव गेलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचाच मला राग आला. भांडायला आली असती तर मी भांडले असते. मी म्हटलं, हे बघ, मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही. जा, फळा वाचून ये.

“तेच म्हनते मी,” ती म्हणाली. “नाव लिवलं असतं तर त्यो इथं हुबा ऱ्हाऊन सांगता, हे खोटं हाये म्हनून. बिननावाच्या गोष्टीला जबाब कुठं देयाचा? तोंड उघडलं तर लोकं म्हनतेत, तुला कामून लागलं, तुझं नाव थोडंच हाये.”

कापड मी काढून दिलं. तिनं ते नीट घडी घालून पिशवीत ठेवलं आणि गेली. मशीनवर बसले, पण दोन वेळा सुई मोडली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी नवा माणूस आला, चांगला पन्नाशीचा. लग्न नाही, मांडव नाही, पंगत नाही. आणि खालच्या गल्लीत नऊला सुटलेलं पाणी साडेअकरा झाले तरी बंद होईना. मी चप्पल घातली आणि खाली गेले. तो माणूस खड्ड्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि चावीला लोंबकळत होता.

“आटे गेलेत याचे,” तो आतूनच म्हणाला. “चावी फिरती, पन आतली झडप बसंना. आधीच्या मानसानं दोनदा लेखी दिलतं म्हने.”

लग्नघरची बाई तिथंच नळावर होती. तिला विचारलं. तिनं जे सांगितलं ते असं: त्या दिवशी हळदीपासून अक्षतांपर्यंत तो याच खड्ड्यात होता. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या मागायला वर आला होता. त्या बांधून बारा वाजता झडप एकदाची बसली, मग त्यानं तुमच्या गल्लीला पाणी दिलं. टाकीत तोवर जेवढं उरलं होतं तेवढं. तो निघाला होता, पण उपाशी माणूस दारातून कसा जाऊ द्यायचा म्हणून नवरीच्या बापानं हाताला धरून त्याला पंगतीत बसवला. तो नको नको म्हणत होता, कपडे ओले आहेत म्हणून.

मला लाज वाटली. आयुष्यात मला फार वेळा लाज वाटलेली नाही, त्यामुळं ती कशी असते ते मी विसरले होते. त्या ओल्या पँटवर मी माझ्या हातानं जिलबी लिहिली होती. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, आता बोला, तपासलं का म्हणा. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, “आमच्याकडे चुकीच्या शिक्क्याचा माल बाहेर गेला की आम्ही परत बोलवायचो. एक नग नाही, सगळा. जिथं जिथं गेला असेल तिथून.”

पण माझा ताठा एवढ्यात जाणार नव्हता. मी माझ्या पद्धतीनं दुरुस्ती केली. लिहिलं: ‘पाण्याबद्दल मागं जे लिहिलं ते अपुऱ्या माहितीवर होतं. दोष व्हॉल्व्हचा निघाला.’ त्याचा एकानंही फोटो काढला नाही. एक जण म्हणाला, मावशींवर दबाव आलेला दिसतो. एका बाईनं डोळे मिचकावून विचारलं, तुमच्याकडेही जिलबी पोचली वाटतं. तिला मी दुकानातून बाहेर काढलं, पण मनातून उमगलं की माझीच ओळ माझ्याकडे परत येतेय, आणि मलाही तिला जबाब देता येत नाहीये, कारण तिनंही कुणाचं नाव घेतलेलं नव्हतं.

मग मी त्याच्या घरी गेले. हर्सूलच्या तलावाच्या अंगाला दोन खोल्या, दारात निळा ड्रम. सगळ्या वसाहतीला पाणी सोडणाऱ्या माणसाच्या घरी नळ नव्हता. टँकरचं पाणी होतं, त्यातलं त्यानं तांब्याभर आणून मला दिलं. बायको कामाला गेली होती. मी म्हटलं, भाऊ, चुकले मी. आता फळ्यावर तुझं नाव घालून, मोठ्या अक्षरात लिहिते, की हा माणूस सचोटीचा आहे. त्यानं ड्रमचं झाकण नीट बसवलं. रागानं नाही.

“माझं नाव नका टाकू मावशी. माझं समद्यांना ठाव झालंय,” तो म्हणाला. “जो फोटू फिरला, त्यात तुमचं कुठं हाये?”

परत येताना रिक्षा केली नाही, चालत आले. नऊ वर्षं मी ज्याला सभ्यपणा समजत होते त्यात माझी स्वतःची किती सोय होती, ते चालता चालता दिसायला लागलं. दिव्याबद्दल लिहिलं, रंगाबद्दल लिहिलं, जातीबद्दल लिहिलं. ज्याला टोचलं तो माझ्याकडे येऊ शकला नाही, आणि माझं शेड नालीवर सुखरूप राहिलं. भाषणं करणाऱ्यांना मी हसत होते. त्यांचं निदान तोंड तरी दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन ओळींचा नियम मोडला. फळा वरपासून खालपर्यंत भरून लिहिलं: ‘पाण्याच्या चावीवाल्याबद्दल या फळ्यावर खोटं लिहिलं गेलं. व्हॉल्व्हचे आटे गेलेले होते. तो माणूस तीन तास खड्ड्यात पाण्यात उभा होता. मी त्याची ओली पँट पाहिली आणि लिहिली फक्त जिलबी. त्यानं काही घेतलेलं नाही. चूक माझी आहे.’ आणि खाली माझं नाव, आडनावासकट. त्याच्या खाली ‘शिवणकाम, याच चौकात’. ते नाव इथं पुन्हा सांगत नाही. चौकात येऊन वाचता येतं.

मग माल परत बोलवायचं काम. लग्नसराई होती आणि निम्म्या वसाहतीचे ब्लाउज माझ्या फळीवर होते. जी बाई न्यायला आली तिला मी सांगितलं, आधी फळ्याचा फोटो काढ. जिथं जिथं पहिला पाठवला होतास तिथं तिथं हा पाठव, मला दाखव, मग ब्लाउज ने. एक-दोघी चिडल्या. एकीची हळद दुसऱ्या दिवशी होती, ती तर रडायच्या बेताला आली. मी ऐकलं नाही. तिच्या माहेरच्या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत हे तिनंच मला कौतुकानं सांगितलं होतं. त्या इच्छुकाच्या घरची चार परकरांची ऑर्डर होती. तीही मी थांबवून धरली, आणि संध्याकाळी त्याच्या मोबाईलवरून माझा फळा वॉर्डभर फिरला. हात जोडलेला फोटो या वेळी त्यानं लावला नाही.

त्याची परतफेड व्हायची ती झाली. आठवड्यानं महापालिकेचे दोघं जण टेप घेऊन माझं शेड मोजायला आले. मी म्हटलं, कष्ट घेऊ नका, तीन फूट आहे, मापात माझी चूक होत नाही. दुसऱ्या दिवशी मीच वेल्डर बोलवून ते कापून घेतलं. आता दुपारी फळ्यावर ऊन येतं आणि दुकानातही येतं. अतिक्रमणाबद्दल लिहायचं झालं तर आता मी बिनधास्त लिहिते.

ठेकेदारानं चावीवाल्याला परत बोलवलं, पण त्याला दोन महिने लागले. तोपर्यंत ती यादी निघून गेली होती, त्याच्या नावाशिवाय. पुढच्या यादीत बघू, असं त्याला सांगण्यात आलं. व्हॉल्व्ह मात्र नवीन बसला. मी अजूनही रोज लिहिते. राजकारणावर तर जरा जास्तच लिहिते, कारण आता जो वाचतो त्याला भांडायला कुठं यायचं ते माहीत असतं, आणि लोक येतातही. परवा एक जण पाऊण तास भांडून गेला आणि जाताना बायकोचा फॉल टाकून गेला. फळ्यावर आता नावं असतात. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला मी आदल्या दिवशी जाऊन विचारते, आणि खाली माझी सही असते. ओळी पूर्वीइतक्या चटकदार होत नाहीत. चालतं.

चावी परत खांद्यावर आली त्या आठवड्यात त्याची बायको दुकानात आली. पिशवीतून तेच मोरपंखी कापड काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, शिवून ठेवा, यादी कधी ना कधी लागंलच. मला एवढं बरं वाटलं की मी लगबगीनं मापाची वही उघडली, तिचं नाव असलेलं पान काढलं आणि म्हटलं, माप आहे माझ्याकडे, परवा ये घ्यायला.

“ते माप नका धरू मावशी,” ती म्हणाली. “नवं घ्या.”

ती हात जरा पसरून उभी राहिली. मी टेप लावला. छाती साडेबत्तीस भरली. मला वाटलं टेप सरकला, म्हणून पुन्हा लावला. साडेबत्तीसच. दंड साडेदहा. ती समोर फळ्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी वहीत तिच्या नावाखाली जुने आकडे खोडले नाहीत. त्यांच्या शेजारी नवे लिहिले.